उघडून बघणाऱ्या ताई

"पोचलं म्हंजी उतरलं न्हाई," असं म्हणत त्या पडद्यावर बोट टेकवायच्या आणि फाइल उघडेपर्यंत तिथंच ठेवायच्या. काचेवर त्यांच्या बोटाचा कायमचा डाग पडला होता.

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या स्टिअरिंगचे सांधे बनतात. प्रत्येक सांध्याला तडा आहे का ते तपासून अहवाल जपून ठेवावा लागतो. ते काम ताईंचं. मी शेजारच्या टेबलावर. ताई जवळच्याच गावच्या. मीटिंगमध्ये पुस्तकी बोलायच्या, चिडल्या की गावाकडचं. वडील बाजारात कांदा पोचवायचे, तेव्हापासूनची सवय: गोणी मोजायच्या आणि मधलीच एखादी उसवून बघायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, गरम करून आणलेल्या डब्याचं झाकण उघडून आपलीच भाजी आहे ना याची खात्री करणारी. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, पण बघायच्या.

मागच्या वर्षी कंपनीने क्लाउड बदलायचं ठरवलं. एका सेवेकडचे सगळे जुने अहवाल दुसरीकडे न्यायचे होते. लाखो फाइली. नऊ दिवस पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. दहाव्या दिवशी सकाळी संदेश आला, सगळ्या फाइली पोचल्या. साहेबांनी पेढे मागवले.

ताईंनी पेढा बाजूला ठेवला आणि मधलीच एक फाइल उघडली. पांढरी. दुसरी उघडली, तीही पांढरी. मला जवळ बोलावून तिसरी दाखवली. दुपारपर्यंत त्या एकेक फाइल उघडत राहिल्या.

मग मला घेऊन साहेबांकडे गेल्या. "एका प्रकारच्या सांध्याच्या दोन वर्षांच्या फाइलींची नुसती नावं आलीत. आत काही नाही."

"आकडा जुळतोय ना?"

"जुळतोय. पण जुनं पुसू नका. आठ दिवस द्या, तेवढ्या पुन्हा पाठवते."

"जुन्याचा करार आज संपतोय, ताई. सगळं मिळालं म्हणून सही करा."

"न्हाई करणार."

साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी ताईंकडे न बघता सही केली. संध्याकाळी जुनं सगळं पुसलं गेलं.

महिनाभरात ताईंनी नोकरी सोडली. जाताना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमीबी बघितलं व्हतं."

परवा ग्राहक कंपनीचा मेल आला. त्याच सांध्याच्या एका बॅचचे अहवाल तातडीने हवेत. महामार्गावर एक गाडी वळणावर वळलीच नाही. मी फाइली एकेक उघडत गेलो. सगळ्या पांढऱ्या.

ताई आता काळेवाडीत भावाच्या दुकानात बसतात. मी फोन करून सगळं सांगितलं. मागे गिऱ्हाइकांचा गलका चालू होता.

त्यांनी विचारलं, "गाडीत किती जण होते?"

मेलमध्ये बॅचचा नंबर होता, तारीख होती. माणसांचं काही लिहिलेलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी फोन ठेवला नाही. मी नुसता कानाला लावून बसलो.