उडीमास्तरची शिडी

बावीस वर्षं त्याने खाणीत शंभर टनी डंपर चालवला, पण एक आरसाही फुटू दिला नाही. खोड एकच. डंपरची शिडी अकरा पायऱ्यांची. हा आठ उतरायचा आणि उरलेल्या तीन उडीत उरकायचा, तेही शिडीकडे पाठ करून. म्हणून तो उडीमास्तर. पाळी संपताना त्याची उडी दिसली की पलीकडे माती उपसणारा शॉवेलवाला घड्याळ न बघता मशीन बंद करायचा.

एका सकाळी ती उडी लिंबाएवढ्या दगडावर पडली. घोटा दोन जागी मोडला. आत पट्टी आणि पाच स्क्रू बसले.

"एवढं धूड बावीस वर्षं उलटलं नाही," भेटायला आलेला मेकॅनिक म्हणाला, "आणि चालवणाराच उलटला!"

"हसून घे. प्लास्टर निघू दे, मग बघतो तुला."

प्लास्टर निघालं, पण सेफ्टीच्या मॅडम आडव्या आल्या. "शिडी नीट उतरून दाखवा. संधी एकच. उडी मारलीत तर निवृत्तीपर्यंत वजनकाट्यावर पावत्या फाडायच्या."

वजनकाटा म्हणजे चार फुटी केबिन आणि एक स्टूल.

घरी बायकोने माळ्याला शिडी लावली. "चढा. खोड पायात आहे, ती पायातूनच काढायची."

रोज वीस फेऱ्या. हातात काही घ्यायचं नाही; माळ्यावरचे डबे दोरीने खाली सोडायचे. पहिल्या दिवशी सहाव्या फेरीला पोटऱ्या लटपटल्या आणि तो वळून उडी घ्यायला गेला. बायकोच्या झाडूची मूठ दारावर आपटली.

"तोंड शिडीकडे! शिडीवर कायम दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात. आणि मी 'सोडा' म्हणेपर्यंत हात सुटता कामा नये."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर हाड लवकर जुळलं असतं."

डबे संपले. मग तेच डबे पुन्हा वर गेले. महिनाभरात माळा लख्ख झाला.

परीक्षेला अख्खी पाळी जमली. तो डंपरवरून उतरू लागला. घरची शिडी आठ पायऱ्यांची होती, हे त्याला आठव्या पायरीवर आठवलं. पाय जमीन शोधत खाली गेला आणि अधांतरी लोंबला. जुनी खोड म्हणाली, मार उडी. पण हात सुटेनात, कारण 'सोडा' कोणी म्हटलंच नव्हतं. पायाने चाचपत नववी सापडली, मग दहावी, अकरावी, आणि शेवटी जमीन.

"पास!" मॅडम म्हणाल्या. "या, सही करा."

तो शिडी धरून तसाच उभा.

"अहो, आता सोडा की!"

"हे आधी म्हणायचं ना, मॅडम," म्हणत त्याने हात सोडले.

त्याच दिवशी डंपर परत मिळाला. संध्याकाळी शॉवेलवाल्याला उडी काही दिसली नाही, आणि पाळी संपल्यावरही तो दहा मिनिटं माती उपसत राहिला.