दाखल्यावरचं गाणं

वजनमाप तपासणीच्या ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे ‘काटेकोर’ म्हणत आणि तोंडावर ‘काका’. दोन्ही त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पहिलंच जास्त आवडायचं. काम तसं साधं. दुकानदारांचे तराजू ज्या वजनांनी तपासायचे, ती पितळेची अस्सल वजनं सांभाळायची. मखमलीच्या पेटीत ती ओळीने बसलेली असत, आणि त्यांना उघडं बोट लावायचं नाही हा काटेकोरांचा नियम होता. बोटाचं तेल लागलं की वजन बदलतं. केवढं बदलतं, असं एकदा नव्या साहेबांनी हसत विचारलं, तर हे म्हणाले, “बदलतं ना साहेब? मग झालं.” साहेबांनी पुढे केलेला हात निमूट खिशात घातला.

एखाद्या वाण्याचं माप केसाएवढं जरी कमी भरलं, तरी काटेकोर त्याला असा फैलावर घेत की दुकानातली गिऱ्हाइकंही कावरीबावरी होत. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. “लोकांचं आहे ते, तुमचं नाही. दुसऱ्याचं घेऊन झोप कशी लागते तुम्हाला?” आणि एवढं तोंडसुख घेऊन घरी आले की ताटावर मात्र गप्प. बायको म्हणायची, “आज कुणाला झापलंत? जेवण उतरत नाही म्हणजे कुणाला तरी झापलंय.”

आता खरं काय ते इथेच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काटेकोरांची नोकरी त्यांच्या धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर लागली होती. वयाची अट होती पंचवीस, आणि ह्यांना सत्तावीस पुरी झालेली. भाऊ तेवीसचा. घरात त्याला बारक्या म्हणत. तो रंगकाम करायचा, भिंती, दारं, दुकानांच्या पाट्या. दोघांची शाळा एक, शिकलेलेही सारखेच. वडील नव्हते, आई अंथरुणाला खिळलेली. बारक्यानेच पत्र्याच्या पेटीतून आपला दाखला काढून भावापुढे धरला. “घे दादा. शिडीवर चढताना मला कोण दाखला विचारतंय?” दादाने घेतला. ऑफिसच्या नोंदीत नाव धाकट्याचं, जन्मतारीख धाकट्याची आणि खुर्चीवर थोरला.

गोष्ट इथे थांबली असती तर एक वेळ निभावलं असतं. पण दीड वर्षाने पाणीखात्यात पंपावर जागा निघाल्या. अट तिथेही तीच, आणि बारक्याला पंचवीस व्हायला काही महिने राहिले होते. तो संध्याकाळी आला, हातांवर रंग तसाच, आणि उंबऱ्याशी उभं राहूनच म्हणाला, “दादा, दाखला दोन दिवस मिळेल का? दाखवतो आणि परत आणून देतो.” दाखला ऑफिसच्या फायलीत होता. अर्ज केला असता तर मिळाला असता, त्या वेळचे मोठे साहेब भले गृहस्थ होते. पण एकाच नावाची, एकाच तारखेची दोन माणसं दोन खात्यांत निघाली की कुणाच्या तरी नजरेला येणार, ही काटेकोरांना धास्ती. त्यांनी तीन दिवस जाऊ दिले. मग म्हणाले, “विचारलं रे. फायलीत गेलेला कागद बाहेर देत नाहीत म्हणे.” विचारलंबिचारलं काही नव्हतं. बारक्या “बरं” म्हणाला, चहा प्याला आणि गेला. पस्तीस वर्षांत त्याने तो विषय काढला नाही. ह्यांचीही कधी हिंमत झाली नाही.

साठाव्या वर्षी बारक्या अजून शिडीवर चढत होता. डावा गुडघा पुरता वाकायचा नाही, म्हणून तो उजवा पाय आधी टाकायचा आणि डावा मागून ओढून घ्यायचा. काटेकोर रस्त्याने जाताना कुठे शिडी दिसली की पलीकडच्या बाजूने जात.

कागदावर साठ झाले आणि काटेकोरांच्या निवृत्तीचा दिवस आला. प्रत्यक्षात चौसष्ट, पण ते मोजायला कोण बसलंय. ऑफिसात एक कारकूनबाई होती, पंचविशीतली, हसरी. वर्षभरापूर्वी तिने एक टूम काढली होती. जो निवृत्त होईल त्याच्या जन्माच्या दिवशी रेडिओच्या क्रमवारीत पहिलं असलेलं गाणं ती शोधून काढायची, निरोपाच्या वेळी वाजवायची आणि गाण्याचं नाव, तारीख, खाली त्या माणसाचं नाव अशी चौकट करून हातात द्यायची. आधी तिघांना तिने अशी गाणी दिली होती. त्यातला एक चौकीदार तर आपलं गाणं ऐकून म्हणाला होता, “हे असलं रडकं? मग बरोबर आहे, आयुष्यभर माझं काही धड झालं नाही.” सगळे पोट धरधरून हसले होते.

काटेकोर तिला म्हणाले होते, “मला गाणंबिणं नको गं.” तिला वाटलं, काका लाजतात. त्यांनी फार ताणलं नाही. इतकी वर्षं ती तारीख लिहून लिहून हाताला अशी बसली होती की ती आपली नाही हे आताशा दर वेळी आठवतही नसे. ह्या गोष्टीचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुपारी चार वाजता मोठ्या टेबलावरच्या फायली खाली उतरवून बशा मांडल्या. घरचं कोण येणार असं विचारलं होतं, म्हणून बायको आली होती, आणि तिनेच सांगितलं म्हणून बारक्याही. इस्त्रीचा शर्ट घालून तो मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसला. नखांतला रंग निघालेला नव्हता, म्हणून त्याने हात मांडीखाली घेतले होते. साहेबांनी भाषण केलं. ‘असा खरा माणूस’ हे शब्द त्यात पाच वेळा आले. काटेकोरांनी मोजले, आणि प्रत्येक वेळी मान आणखी खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

मग कारकूनबाईने गाणं लावलं.

आधी पेटीचे दोनचार सूर, मग बाईचा मोकळा आवाज. काटेकोरांनी मान वर केली. दुसरी ओळ संपत आली तसं त्यांचं तोंड आपोआप चंबूसारखं झालं आणि त्यांनी शीळ घातली. त्यांच्यामागोमाग गाण्यातही शीळ वाजली, अगदी तीच. खोलीतले सगळे थक्क.

“काका! तुम्हाला येतं हे?” कारकूनबाई म्हणाली. “आजवर कुणालाच आपलं गाणं ओळखीचं नव्हतं.”

“येतं म्हणजे काय,” काटेकोर म्हणाले. गाणं अजून चालू होतं आणि ते इथे नव्हतेच. “मी इस्त्रीवाल्याच्या पायरीवर बसलो होतो. त्याचा रेडिओ खिडकीत असायचा. घरचे मला म्हणाले, इथून हलायचं नाही. मी दुपारभर ही शीळ घोटत होतो. मग आमची मावशी दारात आली आणि म्हणाली...”

आणि तिथे ते थांबले, कारण मावशी काय म्हणाली होती ते त्यांना आठवलं. ‘चल घरी, तुला भाऊ झाला.’

गाणं तेवढं वाजत राहिलं. कारकूनबाईने हातातल्या चौकटीवरची तारीख पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं. “पण काका, हे तर तुमच्या जन्माच्या दिवशीचं आहे.” साहेबांच्या कपाळावर आठी चढायला लागली होती. पायाखालची जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं काटेकोरांना झालं.

“मुलगा झाला म्हणाली,” मागून आवाज आला. बारक्या उभा राहिला होता, खुर्चीच्या पाठीला धरून. “मावशी दारात येऊन म्हणाली, मुलगा झाला. काय आहे साहेब, आमची आई ही गोष्ट इतक्या वेळा सांगायची, की दादाला वाटतं तो स्वतःच पायरीवर बसला होता.”

सगळे खो खो हसले. साहेबही हसले. “काटेकोर, जन्मल्याजन्मल्या शीळ?” कुणीतरी म्हणालं, आणि नाव चुकून तोंडावर आलं म्हणून आणखी हशा झाला. कारकूनबाईने चौकट त्यांच्या हातात दिली, टाळ्या झाल्या, बिस्किटं फिरली. काटेकोरांनी बशीतलं बिस्कीट उचललं आणि तसंच परत ठेवलं. आईने असली गोष्ट कधी सांगितली नव्हती. ती घरात बाळंतपणात होती, तिला कुठलं ऐकू येणार. आणि बारक्याला तर हे गाणं आजच कळलं होतं.

बायकोला रिक्षात बसवून काटेकोर चौकट घेऊन सायकलींच्या छपराशी गेले. बारक्या कुलूप काढत होता.

“मावशी खरं काय म्हणाली रे?” बारक्याने मान वर न करता विचारलं.

“तुला भाऊ झाला म्हणाली.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, गाणं संपू दे, मग येतो.”

बारक्या मनापासून हसला. “म्हणजे तेव्हापासूनच.”

काटेकोरांना हसू आलं नाही. त्यांनी सायकलीची सीट धरली, जशी लहानपणी धरायचे, तो निघून जाऊ नये म्हणून. “बारक्या, त्या पंपाच्या नोकरीच्या वेळी दाखला मिळत होता. मी विचारलंच नव्हतं. खोटं सांगितलं तुला. भ्यायलो होतो मी, बाकी काही नाही.”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तू नाही म्हणालास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आलो होतो इथे. तू दुकानं तपासायला गेला होतास. दारावरचा शिपाई म्हणाला, अर्ज दिला की तासाभरात देतात.”

“मग बोलला का नाहीस?” काटेकोरांचा आवाज चढला, जणू चूक बारक्याची होती. पस्तीस वर्षं हा आपल्या घरी येत होता, जेवत होता, आपल्या मुलीच्या लग्नाआधी घराच्या भिंती रंगवून गेला होता, आणि सगळा वेळ त्याला माहीत होतं. वाण्यांना झापल्याच्या फुशारक्या आपण ह्याच्यासमोर मारत होतो.

बारक्याने कुलूप खिशात टाकलं. “तू सांगशील म्हणून थांबलो,” तो म्हणाला. रागाने नाही, आज पाऊस येईलसं वाटलं होतं अशा सुरात.

काटेकोरांनी चौकट पुढे केली. “हे तू घेऊन जा. ह्यावरचं सगळं तुझंच आहे.”

बारक्याने चष्मा लावून चौकट वाचली. गाण्याचं नाव, तारीख आणि त्याखाली छापील, नीटनेटकं, त्याचं स्वतःचं नाव. कागदावर इतक्या चांगल्या अक्षरात ते त्याने बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं, कारण त्याने नावावरून अंगठा फिरवला. मग चौकट मागच्या कॅरिअरवर ठेवली, दोरीने दोनदा बांधली आणि हलवून पाहिली. नीट न वाकणारा पाय ओढून पलीकडे टाकत तो सायकलवर बसला.

“नातवंडांना दाखवतो,” तो म्हणाला. “दोन दिवसांत परत आणून देतो, दादा.”

काटेकोरांना ‘परत नको आणूस’ म्हणायचं होतं. त्यांना शब्द फुटेपर्यंत बारक्या कोपऱ्यावरून वळलाही होता.