सोनगीरचं शास्त्र

आमच्या गल्लीत विटाळाचे सगळ्यात जास्त नियम अक्काकडे होते. आमच्या आयांचे तीन-चारच: देवाला शिवू नको, लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, फडकं आडोशाला वाळव आणि तोंड बंद ठेव. अक्काचे त्याच्या वरचे. ती धुळ्याकडची, सोनगीरची. लग्न होऊन यावलजवळ आमच्या केळीच्या गावात आली, म्हातारी झाली, पण बोली तिकडचीच राहिली. कुठलाही नियम सांगितला की शेवटी म्हणायची, "आमना सोनगीरले आसंच शे." आमच्यातलं कुणी कधी सोनगीरला उतरलेलं नव्हतं. त्यामुळे ते फार कडक गाव असणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

बागेत निंदणाऱ्या बायकांची ती म्होरकी. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पोरीनं केळीचा घड उचलला तर बाग काळी पडते, हे तिचं शास्त्र. सोनगीरला केळीच्या बागा किती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बागवाले आबा शिकलेले, शेतकी अधिकाऱ्याशी वाद घालणारे. पण तेही लांबूनच ओरडायचे, "बस बाई, सावलीत बस! हात लावू नको!" मग आम्ही कामावरच्या पोरी शेंगदाणे खात बसायचो आणि आबांची बाग वाचवायचो.

आई माझं फडकं पेटीमागे वाळत घालायला लावायची. ते कधी पुरतं वाळायचं नाही. एकदा अक्का घरात आली, नाक वर केलं आणि थेट पेटीमागे गेली. "सावलीमा वाळेल फडकाले बाधा लागस," ती आईला म्हणाली. "सूर्यनारायणनी नजर पडाले पाहिजे."

"अन् माणसांची पडली तर?" आई म्हणाली.

"माणूस काय सूर्यनारायण शे का?"

त्या दिवसापासून माझं फडकं अंगणात, उन्हात.

मी आठवीत असताना पाळी आली ती थांबेचना. वीस दिवस झाले. आई म्हणायची, "सुरुवातीला होतं असं." दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती, बिनलग्नाची पोर दवाखान्यात दिसली की गाव काय ते समजून घेतं. हंडा उचलला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आपण मरणार, हे मला कळत होतं. सांगायची लाज वाटत होती.

अक्कानं माझी पापणी खाली ओढून पाहिली. मग आईला म्हणाली की हे बाहेरचं आहे. सोनगीरला अशा पोरीला पांढऱ्या कपड्यातल्या बाईच्या हातचं पाणी पाजतात.

"आता पांढऱ्या कपड्यातली बाई कुठून आणू व?" आईनं कपाळाला हात लावला.

"यावलले शे एक," अक्का म्हणाली.

ती सरकारी दवाखान्यातली नर्स होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून आठवडा घालवला असता तर पोर हाताला लागली नसती. त्यांनी चार दिवस ठेवून घेतलं. लाल गोळ्या दिल्या, वर लगेच चहा पिऊ नको म्हणाल्या. घरी येईपर्यंत गोळी देवीची झाली होती आणि चहानं देवी कोपायला लागली होती. मी एकही चुकवली नाही. शाळा मात्र सुटली ती सुटलीच; त्यावर अक्काकडेही शास्त्र नव्हतं.

दवाखान्यातून परतताना बसमध्ये मी अक्काला विचारलं होतं, "अक्का, तुला हे कसं ग कळतं?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मनी धाकली बहीण व्हती. तिले कोनी काही सांगं नही."

आता मी तिरुपूरला कपड्याच्या कारखान्यात आहे. गाव दोन रात्रींच्या अंतरावर. इथल्या खोलीत गेल्या वर्षी एक मुलगी आली, नेमकी सोनगीरची. मी मोठ्या आदरानं तिला तिच्याच गावची शास्त्रं सांगितली. ती पोट धरून हसली. "कुणी सांगितलं हे? आमच्याकडे असलं काही नाही!"

ज्या सोनगीरवर मी जगले ते गावच नव्हतं. मी अक्काला फोन लावला. "अक्का, सोनगीरला असं काहीच नाही म्हणे."

पलीकडे आधी कोंबडी हुसकल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाली, "आते तू दूर शे ना? मंग तू सांग, आपला गावनं नाव लईसन."

परवा सातपुड्याकडची एक नवी पोर आली. तिनं ओलं फडकं गादीखाली सरकवलेलं मी पाहिलं. मी तिला खरं कारण सांगितलं: ओल, जंतू, खाज, सगळं डॉक्टरीणबाईंसारखं. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी फडकं पुन्हा गादीखाली.

मग मी आवाज खाली आणला. "आमच्या यावलकडे म्हणतात, सावलीत वाळलेल्या फडक्याला बाधा लागते."

पोरगी दचकली. खात्री करायला तिनं सोनगीरवालीकडे पाहिलं. ही आता हसणार.

सोनगीरवाली शिवत होती. तिनं मान वर केली नाही. "खरंय," ती म्हणाली. "आमच्याकडे तर फारच कडक आहे."

पोरगी फडकं घेऊन गच्चीवर पळाली.