पद्माकररावांची शपथ

लंडनच्या ईलिंगमधल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाचा सिटिझनशिपचा समारंभ असला आणि सोबत यायला कुणी नसलं, की पद्माकररावांना फोन जायचा. दोन पाहुणे आणता येतात, पण एकट्या आलेल्या पोरापोरींना इथे दोन कुठले मिळायला! मग हे रिटायर्ड फार्मासिस्ट कडक इस्त्रीचा सूट घालून हजर. शपथेच्या वेळी मात्र ओठ घट्ट मिटून बसणार. बाहेर आल्यावर दरडावणार, "फोटोच्या चार कॉप्या घे गं. आईला, आत्याला, सगळ्यांना पाठवायला लागतात."

स्वतः मात्र तीस वर्षं इथे काढूनही भारतीय पासपोर्ट सोडायला तयार नव्हते. "कॉमनवेल्थचा म्हणून मला इथे मत देता येतं, कौन्सिल टॅक्स भरतो, आणखी काय हवं? भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. तो पासपोर्ट दिला, की परत जाणार नाही हे कबूल केल्यासारखंच." त्यांची बायको सुप्रभा माझी मैत्रीण. ती हसायची, "परत जाणार म्हणे! गेल्या गेल्या डासांची तक्रार हेच करतील." पण कोथरूडला त्यांच्या थोरल्या बहिणीने, अक्कांनी, एक खोली खरंच राखून ठेवली होती. दर रविवारी अक्कांचा फोन, "कधी येतोयस?" आणि ह्यांचं ठरलेलं, "येतो गं, येतो."

सुप्रभा गेली. तरी रविवारचा फोन होता. गेल्या वर्षी अक्काही गेल्या. मी जेवायला बोलवायचे, तर म्हणायचे, "कशाला त्रास." असा संताप यायचा ना! माणूस ब्रेडवर दिवस काढील, पण कुणाच्या दारात जाणार नाही.

या मार्चमध्ये माझ्या भाचीचा, आश्लेषाचा, समारंभ आला. तिनेही सगळ्यांसारखंच पद्माकरकाकांना बोलावलं, तर म्हणाले, त्या दिवशी काम आहे. "डोंबलाचं काम!" मी म्हटलं. शेवटी तिच्याबरोबर मी एकटीच गेले.

पाहुण्यांच्या खुर्चीत बसते न बसते, तोच समोर बघते तर काय! शपथ घेणाऱ्यांच्या शेवटच्या रांगेत पद्माकरराव. तोच सूट. माझी नजर भिडली तशी त्यांनी मान खाली घातली. मग सगळे उभे राहिले. राजाशी एकनिष्ठ राहीन, या देशाच्या हक्कांचा आणि स्वातंत्र्याचा मान राखीन. इतकी वर्षं मिटलेले ते ओठ आज हलत होते. हातातल्या कार्डाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ऐकून ऐकून सगळं पाठच झालं होतं त्यांचं.

पुढे एकेकाचं नाव घेऊन सर्टिफिकेट दिलं, फोटोसाठी ज्याच्या त्याच्या माणसांना पुढे बोलावलं. कुणाची मुलं, कुणाचे सासूसासरे. पद्माकररावांना सर्टिफिकेट देणाऱ्या बाईंनी विचारलं, "एनी गेस्ट्स?"

"नो गेस्ट्स," ते म्हणाले.

मला राहवेना. उठले आणि तरातरा जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. "सांगायला काय झालं होतं?" मी दातओठ खात पुटपुटले. "मी काय मेले होते?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग पुण्याला कधी जाणार?" कॅमेऱ्याकडे बघतच ते म्हणाले. "तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो, जाणार म्हणून. आता तिथे वाट बघणारं कुणी नाही, नीनाताई. हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मला रडूच कोसळलं. फोटोत माझं नाक लालभडक आलंय.

फोटोग्राफरने किती कॉप्या हव्यात विचारलं. आश्लेषाने चार सांगितल्या. "एकच," पद्माकरराव म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पाठवायची कुणाला?"

"दोन करा," मी फोटोग्राफरला म्हटलं. "एक माझ्या घरी लागेल."

ते "कशाला त्रास" म्हणाले नाहीत.