शुक्रवारी भरलेली शेगडी

सॅमसनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी टायरच्या दुकानात विंटर टायर बसवून घेत होते. "तुझे काका गेले गो, झोपेतच," एवढंच रिबेकाकाकू म्हणाल्या. माझ्या मनात आलेला पहिला विचार सांगायची आज लाज वाटते… थंडी तोंडावर आलेली असताना हा माणूस गेलाच कसा? कारण अख्ख्या कॅनडात थंडीची आतुरतेने वाट बघणारा मराठी माणूस मला एकच ठाऊक होता. पारा शून्याखाली उतरणार असं कळलं की हॅमिल्टनमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना बर्फ उपसण्याची चिंता पडायची, आणि माझा फोन मात्र सकाळीच वाजायचा. "आली गो थंडी. ये लवकर, शेगडी पेटवू." त्यांच्या घरी जणू दिवाळीच.

शेगडी म्हणजे त्यांच्या बैठकीतला बिडाचा, काचेच्या दाराचा, कोळशाचा भलामोठा स्टोव्ह. काका मूळचे रेवदंड्याचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. इथल्या स्टीलच्या कारखान्यात तीस वर्षं भट्टीसमोर काढली, तरी त्यांची विस्तवाची हौस फिटली नव्हती. बेसमेंटमध्ये घरभर गरम हवा सोडणारी फर्नेस होती, पण तिच्यात त्यांना राम वाटत नसे. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा दिवस, आणि तेवढ्या वेळात विस्तवाला हात लावायचा नाही. लाकूड रात्रीतच राख होतं. हा कठीण, चकाकता कोळसा मात्र नीट भरला तर अख्खा शब्बाथ निभावून नेतो. "बटण दाबून ऊब येते, त्यात मजा ती काय? मनापासून भरायची आणि मग गप बसायचं," असं ते म्हणत.

गप बसणं आणि मी… मी नागपूरची, त्यांच्या शेजारी राहायला आलेली, आणि उतावीळपणात पहिला नंबर. पहिल्याच हिवाळ्यात शेगडी मला मंद वाटली. लहानपणी आईला बघितलेलं तसं मी सळईने वरून निखारे खालीवर केले, पुठ्ठ्याने वारा घातला, आणि दहा मिनिटांत सगळं काळंठिक्कर पडलं. काका स्वयंपाकघरातून आले आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "नागपूरकरीण, ह्याला हवा खालनं लागते. वरनं ढोसलंस की रुसतो." मग त्यांनी मला खालची जाळी हलवून राख पाडायला शिकवलं, काठोकाठ कोळसा भरायला शिकवलं. अर्ध्या तासाने काचेमागे निळ्या ज्वाळा नाचायला लागल्या तेव्हा तो सत्तरीचा माणूस टाळ्या पिटत होता, आणि मीही.

काका गेल्यावर तीन आठवड्यांनी यंदाची थंडी आली. त्यांचा मुलगा बेनी तिकडे पश्चिम टोकाला, बर्नाबीला असतो. तो स्पीकरवर सांगत होता, "मम, फर्नेस आहे ना. धिस इज टू मच वर्क फॉर यू. मी माणूस पाठवतो, तो स्टोव्ह काढून नेईल." काकू म्हणाल्या, "एक शब्बाथ बघते बाळा. टिकली तर राहील, विझली तर ने." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "मीनल, तुला येतं ना सगळं?"

"येतं," म्हणाले. शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी कामाला लागलो. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून बघितलं, लाकडं पेटवली, थोडाथोडा करत काठोकाठ कोळसा भरला. निळ्या ज्वाळा उठल्या आणि काकू माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "आली बघ." हवा आत घेणाऱ्या खालच्या झडपेला बोटभर फट ठेवली. मग त्यांनी फर्नेस मुद्दाम बंद केली, हात धुतले आणि शब्बाथच्या मेणबत्त्या लावल्या.

शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा काचेमागे अंधार होता. ज्वाळा नाही, काही नाही. काकू आतल्या खोलीत झोपल्या होत्या. माझा हात सळईकडे गेलाच. मला कुठला शब्बाथ? एकदाच जरा हलवलं तर कोणाला कळणार होतं? पण काकांची ही एकच गोष्ट उरली होती, आणि वरनं ढोसली तर ती माझ्याच हातून विझणार होती. सळई खुंटीला अडकवली आणि तारे दिसेपर्यंत दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. इतका वेळ मी आयुष्यात कधी गप बसले नव्हते.

तारे दिसल्यावर काकू आल्या. त्यांनी काकांचा काजळलेला हातमोजा चढवला आणि खालची झडप सताड उघडली. एक मिनिट… दोन मिनिटं… राखेच्या पोटात लाल ठिपका दिसला, मग दुसरा. त्यांनी मूठभर कोळसा कडेने टाकला, आणि बघता बघता निळी ज्वाळा सरसरत वर आली. मी चक्क उड्या मारल्या.

काकूंनी बेनीला फोन लावला. "टिकली रे," म्हणाल्या. पलीकडून पन्नाशीचा बेनी लहान मुलासारखा म्हणाला, "इज इट ब्लू?"

काकूंनी फोन काचेसमोर धरला. हातातला मोजा काढायचं त्यांना सुचलंच नव्हतं.