चिंच, पितळ आणि रूथच्या आईची माती

रूथ गेल्याचं कळलं तेव्हा मी रिसायकलिंगचा डबा रस्त्याच्या कडेला ओढत होतो. समोरच्या घरातून तिची मुलगी नाओमी चालत आली आणि म्हणाली, "आई पहाटे गेली. दफन उद्याच आहे, अकराला. याल ना?" मी "हो हो" म्हणालो आणि डब्याचं चाक तिच्या पायावरून नेलं. पुढचं सगळं साधारण याच थाटात झालं. पस्तीस वर्षं अमेरिकेत काढल्यावर इथल्या फ्युनरलला काय न्यायचं असतं ते आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी ठाम समजूत. मी पांढऱ्या लिलींचा हातभर गुच्छ घेतला. तिथे पोचल्यावर पाहतो तर एकाच्याही हातात फूल नाही. ज्यू लोकांत त्या वेळी फुलं नेत नाहीत, हे मला माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांनी अगदी प्रेमाने सांगितलं. मग सगळा विधी मी गुच्छ पाठीमागे लपवून उभा. सुलभाकडे, म्हणजे बायकोकडे, सरकवून पाहिला. ती ओठ न हलवता म्हणाली, "तुमचा तुम्हीच धरा."

शेवटी एकेकाने पुढे होऊन फावड्याने माती लोटायची होती. गुच्छ काखेत मारून मी फावडं उचललं. साध्या लाकडी पेटीवर मातीचा तो आवाज झाला. आपल्याकडे मूठमाती देणं म्हणतात, हे माहीत होतं. पण मी रूथला माती द्यायला उभा राहावं, हे काही बरोबर वाटेना. कारण तीन वर्षांपूर्वी याच हातांनी मी तिच्या आईची माती पुसून टाकली होती. तिने मला त्याबद्दल माफ केलं होतं की नाही, हे मला आजही कळलेलं नाही. तेच सांगायला बसलोय.

रूथ मॉरिसव्हिलमधली आमची समोरची शेजारीण. शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झालेली, ठेंगणी, मोठ्या चष्म्याची. जन्म हंगेरीतल्या एका छोट्या गावातला. युद्धात वडील गेले, बाकीचं जवळजवळ सगळं घराणं गेलं. चार-पाच वर्षांची रूथ आणि तिची आई एका शेतकऱ्याच्या गोठ्यात लपून वाचल्या. हे तिने मला एका वाक्यात सांगितलं आणि लगेच विचारलं, "तुझ्याकडे स्कॅनर आहे ना?" (इंग्रजीत तू-तुम्ही नसल्याने ती मला 'तू'च म्हणत असणार, असं मी सोयीने धरून चालतो. हाक मात्र 'मिस्टर इंजिनिअर'.) तिच्याकडे बुटांच्या खोक्यात साठ-सत्तर फोटो होते. त्यातली माणसं ओळखणारी जगात ती एकटीच उरली होती, आणि तिलाही आता नावं आठवायला वेळ लागायचा. मी नुकता रिटायर झालेलो, घरातल्या प्रत्येक कामात सल्ला देऊन सुलभाला जेरीस आणलेलं. दोन्ही घरांची सोय झाली. दर रविवारी सकाळी रूथ खोकं घेऊन यायची, मी स्कॅन करायचो आणि एक्सेलमध्ये भरायचो. नाव, गाव, अंदाजे वर्ष, नातं.

नात्याच्या रकान्यावर आमचं भांडण ठरलेलं. ती म्हणायची, "आँट." मी म्हणायचो, "आईकडून की वडिलांकडून?"

"त्याने काय फरक पडतो?"

"आमच्यात प्रचंड पडतो. मावशी लाड करते, आत्या चुका काढते."

यावर ती डोळे मिटून बराच वेळ बसायची... कुणाच्या घरी कोण यायचं, कुणाचं नाक कुणासारखं, असं पुटपुटायची, आणि मग एकदम, "मावशी! ही मावशी! हिने मला साखर लावलेला पाव दिला होता!" सत्तर-ऐंशी वर्षं जी नुसती 'आँट रोझा' होती ती रोझा मावशी झाली. एका मिशाळ गृहस्थाचं नाव मात्र शेवटपर्यंत आठवलं नाही. तिथे तिने मला 'टोपी हरवणारा काका' असं लिहायला लावलं. "सख्खा?" मी विचारलं. "हरवणारा," ती म्हणाली.

माणसं संपत आली तशी वस्तूंची पाळी आली. एका गुरुवारी तिने मेणबत्तीचा एक पितळी स्टँड आणून दिला. वीतभर उंच, आपल्या समईचा दूरचा नातेवाईक शोभेलसा, आणि कोळशासारखा काळा. "याचे फोटो काढून ठेव. उद्या दुपारी नेते," म्हणाली आणि दातांच्या डॉक्टरकडे गेली. मी पांढऱ्या कागदावर ठेवून दहा-बारा फोटो काढले. सगळ्यांत नुसता एक काळा ठोकळा. आणि नेमकी दिवाळी चार दिवसांवर आलेली! ओट्यावर सुलभाने देवाची भांडी घासायला चिंच भिजत घातलेली. ती दुकानात गेलेली. आता पितळ काळं, समोर चिंच भिजलेली आणि हात रिकामे, असं एकत्र आल्यावर मराठी माणसाने दुसरं काय करायचं, ते मला कुणीतरी सांगावं. ओट्याखालच्या कपाटात एक मऊ जुनं फडकं मिळालं. चिंच, चिमूटभर मीठ, आणि मी लागलो घासायला. खाचाखाचांतून काळं आणि तपकिरी निघत होतं, आणि आतून फुलांची नक्षी वर येत होती. मी चक्क गुणगुणत होतो, हो!

दुसऱ्या दिवशी रूथ आली. टेबलावर स्टँड सोन्यासारखा झळकत होता. मी बाजूला उभा, शाबासकीसाठी तयार. तिने पाहिलं, चष्मा काढून पुसला, परत पाहिलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

"तुझंच!"

ती खुर्चीत बसली. मग हळूहळू सांगितलं. पळायच्या आदल्या दिवशी आईने असे दोन स्टँड बागेतल्या प्लमच्या झाडाखाली पुरले होते. युद्ध संपल्यावर दोघी परत आल्या, तर घरात दुसरंच कुटुंब राहत होतं. आईने त्यांच्याकडे काही मागितलं नाही, नुसतं फावडं मागितलं. एक स्टँड सापडला, दुसरा नाही. सापडलेला आईने कधीच पुसला नाही. त्यात कधी मेणबत्ती लावली नाही, ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी लावतात त्या मेणबत्त्या ती साध्या काचेच्या वाट्यांत लावायची. खाचांतली ती माती त्यांच्या बागेतली. घर गेलं, बाग गेली, गावही गेल्यातच जमा... तेवढीच जमीन त्यांच्याकडे उरली होती.

मी काहीतरी बोललो. काय, ते आठवत नाही, आठवू नये असंच असणार. रूथने विचारलं, "कशाने पुसलंस?"

"चिंचेने."

"म्हणजे काय?"

मी, देव मला क्षमा करो, तिला वाटीतली चिंच दाखवली. तिने बोटाच्या टोकावर घेतली, चाटली, तोंड वाकडं केलं. "आंबट आहे," म्हणाली. मग सिंकजवळ वाळत पडलेलं ते काळंकुट्ट फडकं उचललं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं, स्टँड काखेत घेतला आणि निघून गेली. मला वाटलं, आता संपलं. रविवारी खिडकीशी उभा राहिलो. बरोबर दहाला बेल वाजली. खोकं घेऊन हजर! खुर्चीवर बसत म्हणाली, "मिस्टर इंजिनिअर, आज काही घासायचं नाही." आता हा टोमणा होता, थट्टा होती की सरळ सूचना? मी हसलो. ती हसली नाही. पण सुलभाने केलेल्या चकल्या मात्र तिने चार खाल्ल्या. मला काही म्हणजे काही कळेना. पुढची तीन वर्षं तिने तो विषय काढला नाही आणि माझी छाती झाली नाही.

गेल्या आठवड्यात नाओमीने आम्हा दोघांना बोलावलं. रूथच्या इच्छेप्रमाणे फोटो आणि वस्तू एका संग्रहालयाला द्यायच्या होत्या. तिथली एक तरुण बाई निळे हातमोजे घालून टेबलावर एकेक वस्तू मांडत होती, आणि माझी एक्सेल शीट तिच्या लॅपटॉपवर उघडलेली. स्टँड होता, पुन्हा निम्मा काळवंडलेला. तो पाहून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! शेवटी एक कागदी पाकीट उरलं. बाईने ते उघडलं आणि गोंधळून विचारलं, "हे कापड यादीत नाही. हे युरोपातलं वाटत नाही... कुणाला काही कल्पना?"

हिरवं सुती कापड, लाल काठ, मधोमध काळा-तपकिरी डाग. मी टेबलाखाली जायच्या बेतात होतो. तेवढ्यात सुलभा म्हणाली, "अहो! ही आईची इरकल!"

मला वाटलं होतं ते ओट्याखालचं कुठलंही फडकं. ते सुलभाच्या आईच्या शेवटच्या साडीचा तुकडा होतं. देवाची भांडी घासून झाली की त्यात गुंडाळून ठेवायची, म्हणून तिने जपलेला. तीन वर्षं ती तो शोधत होती, आणि मीही तिच्याबरोबर कपाटं उपसत होतो, अत्यंत निरागसपणे. एका चिंचेत मी दोन आयांच्या आठवणींवर हात मारला होता!

पाकिटावर रूथच्या लायब्ररीतल्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं. नाओमीने वाचून दाखवलं. "माझ्या आईच्या बागेतली माती. शेजाऱ्यांच्या कापडावर. दोन्ही वेगळी करू नयेत."

बस, एवढंच. माझं नाव नाही. माफ केलं, नाही केलं, काहीच नाही. मी पाकीट उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली.

हातमोजेवालीने सुलभाला विचारलं, "हे तुमच्या आईचं आहे, तर परत हवंय का तुम्हाला?" सुलभाने कापडाला हात लावला नाही, नुसती काठाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "राहू दे इथेच. फक्त धुऊ नका." नाओमी उठली आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

मग यादीत ओळ घालायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. वस्तू, कापड. माती, रूथच्या आईची. साडी, सुलभाच्या आईची. एकीने हंगेरी सोडून अमेरिका गाठली, दुसरी सोलापूर सोडून पुण्यापलीकडे गेली नाही. दोघींना एकमेकींचं नावही ठाऊक नव्हतं. आता नात्याच्या रकान्यात काय लिहायचं? मावशी-आत्याच्या बाहेरचं हे प्रकरण. घरी आल्यावरही मी रोज ती शीट उघडतो, काहीतरी टाइप करतो, खोडतो. काल सुलभा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "राहू द्या तो रिकामा. तुम्ही नीटनेटकं करायला गेलात की आणखी काहीतरी पुसाल."