बनुबाईनं सांगितलेल्या तीन जागा

...तर बनुबाईनं हातातली हातोडी काही खाली ठेवली नाही. काल गोष्ट इथंच थांबली होती. समोर नगरची रोझी, उन्हानं लालबुंद झालेली, मांडीवर छापील कागदांची चळत, आणि तिचा सतरावा प्रश्न: "मावशी, शेजारच्या माणसावर तुमचा विश्वास आहे का? पुष्कळ, थोडा, की अजिबात नाही?"

बनुबाईनं दगड कडीत बसवला, घाव घातला, दगडाचे चार तुकडे केले आणि म्हणाली, "बरं चाललंय."

"मावशी, मी विश्वासाचं विचारतेय."

"त्ये बी बरं चाललंय."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी चार पावलं मागं जातो. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला, आणि त्र्याहत्तरच्या संक्रांतीला पारनेरकडच्या आमच्या माळावर निम्मा गाव खडी फोडायला बसलेला होता. सरकारनं दुष्काळी कामात रस्ता काढला होता. लोखंडी कडीत दगड धरायचा, फोडायचा, ढीग लावायचा. शनिवारी ओव्हरसियर येऊन ढीग मोजणार. घरी खायला तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेतनं आलेली ज्वारी, कामावर दुपारी सुखडीची वडी. बायकांच्या अकरा-अकराच्या टोळ्या पडल्या होत्या आणि त्यातल्या एका टोळीची म्होरकी होती बनुबाई. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळी, डोळे मात्र घारीचे.

रोझी ही नगरच्या डेव्हिड मास्तरांची लेक. पुण्याला मानसशास्त्राच्या वरच्या परीक्षेला बसली होती आणि त्यासाठी तिला प्रबंध लिहायचा होता. संकट आलं की माणसं एकमेकांवर भरवसा टाकतात की काढून घेतात, हा विषय. सकाळच्या एसटीनं यायची, संध्याकाळच्या एसटीनं जायची. गावात तिच्याविषयी मतं तीन. कुणी म्हणे, ही नसबंदीच्या ऑपरेशनवाली, आज नावं लिहून नेतेय आणि उद्या मागनं दवाखान्याची गाडी येतेय. कुणी म्हणे, बाटवायला आलीय. तिसरं मत बनुबाईचं, आणि ते सगळ्यात जड: "ती ओव्हरसियरची हाय."

बनुबाईचा संशय काही त्या दिवशी जन्मलेला नव्हता. बाई मूळची राजूरकडच्या डोंगरातली. रेडिओवर पावसाचं सांगितलं तर विचारायची, "सांगनाऱ्यानं बगितला का?" नवरा वारला त्या वर्षी घोडेगावच्या बाजारात बैल घ्यायला स्वतः गेली. बैल देखणा, शिंगं कमानीसारखी. मालक म्हणाला, "औताला वाघ हाय." बनुबाईनं मान डोलावली आणि पलीकडच्या चहावाल्याला गाठलं. तो म्हणाला, "आपल्याला काय ठावं, पर गेल्या तीन बाजारांत हितंच बांधलेला बगतोय." मग ती गाडीखाली सावलीला बसलेल्या मालकाच्या म्हाताऱ्या आईपाशी जाऊन बसली. तंबाखू दिली. "आजे, बैल औतात बसतो का गं?" म्हातारी भाबडी. म्हणाली, "बसतो बया. पर मारला की उटतो." बनुबाई मोकळ्या हातानं घरी आली. कुणी विचारलं की सांगायची, "येका तोंडाला इचारू न्हाई. तिघांना इचारावं, आन् तिघांना येकमेकांचं कळू देऊ न्हाई."

आता रोझीच्या कागदांवर प्रश्न होते बेचाळीस. बनुबाईनं टोळ्याटोळ्यांतून निरोप फिरवला होता, काहीही विचारलं तरी बरं चाललंय म्हणायचं. बायकांनी तो निरोप इतका मनावर घेतला की छबूबाईला वय विचारलं तर ती म्हणाली, "बरं चाललंय." तीन टोळ्या, तेहतीस बायका. बत्तिसांचं उत्तर एकच. एकटी पलीकडच्या टोळीतली मनकर्णा साधी. तिनं नवव्या प्रश्नाला घरातलं कोण कोण कामावर येतं ते सगळं सांगून टाकलं.

रोझी कागद घेऊन पुण्याला गेली. तिथं काय झालं ते तिनंच पुढं बायकांना सांगितलं. सरांनी चळत चाळली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "रोझी, हे बायकांचं उत्तर नव्हे. त्यांनी दार लावून घेतलंय. मोजायच्या आधी कळायला तर हवं! कागद इथंच ठेव. जाऊन त्यांच्यात बस, हात कामाला लाव. ऐकशील ते त्यांच्याच शब्दांत लिही. तुझं शहाणपण त्यात घालू नकोस."

ती पुण्याला होती त्याच आठवड्यात मनकर्णाचं नाव हजेरीपटावरून कापलं गेलं. बाईला ताप होता, तिच्या जागी तिची बहीण बसली होती. ओव्हरसियर आला तो इकडं नाही तिकडं नाही, थेट बहिणीपुढं उभा राहिला. जणू कुणी बोट धरून आणला. बनुबाई म्हणाली, "बगा! त्या नगरच्या पोरीनं घरची यादी साहेबाला वाचून दावली, आन् आठ दिसांत नाव गेलं."

आणि नेमकी त्यानंतर रोझी परत आली. छापील कागद नाहीत, खांद्याच्या पिशवीत एक वही. येऊन बनुबाईच्या टोळीच्या ढिगापाशी बसली आणि म्हणाली, "मलाही एक हातोडी द्या."

छबूबाई हसून हसून कडीवर पडायची राहिली. "आता बाई दगडाला इचारनार, तुजा इश्वास हाय का!"

पहिल्याच दिवशी रोझीनं स्वतःचा अंगठा फोडला. चिंधी बांधली आणि परत बसली. बनुबाई तिरक्या नजरेनं बघत होती. संध्याकाळी छबूबाई म्हणाली, "रडली न्हाई हां पोर." बनुबाई म्हणाली, "रडली न्हाई म्हंजी चोर न्हाई, आसं कुनी सांगितलं?"

दहा-बारा दिवस गेले. हात चालू असले की तोंडं चालतात, हे रोझीच्या हळूहळू ध्यानात आलं. ती विचारेनाशी झाली आणि बायका बोलायला लागल्या. सासवा निघाल्या, नणंदा निघाल्या, मिलोच्या भाकरीनं कुणाच्या पोटात काय होतं तेही निघालं. रोझी तिथं वही काढायची नाही. एसटीची वाट बघत झाडाखाली बसून सगळं उतरवून काढायची. बनुबाई लांबून बघत राहायची. हिच्या वहीत रोज एवढं काय जातंय?

आणि एके दिवशी दुपारी रोझीची हातोडी थांबली. तिनं कान दिला. टोळी अकराची, आवाज दहाच हातोड्यांचा. तिची नजर फिरत फिरत ढिगाच्या मागच्या अंगाला गेली. तिथं चांगुणा बसलेली. पदर सैल, पुढ्यात कडी, हातात हातोडी, पण ती उचलत नव्हती. नुसती बारीक खडी वेचून ढिगावर टाकत होती.

चांगुणाला सातवा महिना होता. नवरा कोपरगावकडं कारखान्यावर काम बघायला गेलेला, त्याचं पत्र नाही. घरात आंधळी सासू. ओव्हरसियरचा हुकूम, जी फोडणार नाही तिचं नाव राहणार नाही. आणि फोडलं तर पोटातल्याचं काय, हे दोन पोरं गमावलेल्या चांगुणाला कुणी सांगायला नको होतं. म्हणून बनुबाईनं तिला ढिगामागं बसवलं होतं, आणि तिच्या वाटणीची खडी दहा जणी फोडत होत्या.

रोझीनं पाहिलं आणि मान खाली घातली. हातोडी उचलली, पुढचा दगड कडीत धरला. पण संध्याकाळी झाडाखाली बसून वहीत बराच वेळ लिहीत राहिली.

बनुबाईनं ते पाहिलं. घरी जाताना म्हणाली, "चांगुनाचं नाव वहीत गेलं."

"मंग वही चुलीत घालू," छबूबाई म्हणाली.

"वही जाळशील, तिचं डोस्कं कसं जाळशील? आन् मनकर्णाचं हिनंच सांगितलं, ह्ये आपुन बगितलंय कुठं? थांब. मला बैल बगू दे."

पंधरा दिवसांमागं सरकारी पेटीतल्या दोन हातोड्या हरवल्या होत्या आणि ओव्हरसियर त्यावरून पिसाळलेला होता. दुसऱ्या दिवशी बनुबाई रोझीच्या कानाशी लागली. "कुनाला बोलू नगं हां बाई. त्या हातोड्या म्हसोबाच्या दगडामागं पुरल्यात म्हनं कुनीतरी." मग दुपारी मुकादम काकासाहेब ढीग बघायला आला, तर त्याला: "कोरड्या विहिरीवर मोटंच्या थारोळ्यात हाईत म्हनं. माजं नाव घिऊ नगा." संध्याकाळी पाण्याच्या गाडीवरचा बन्सी पिंप घेऊन आला. त्याला पाणी ओतता ओतता: "बन्सीबाबा, जुन्या बांधाच्या बाभळीखाली हाईत म्हनं. आपल्याला काय करायचंय!"

काकासाहेब म्हणाला, "मला कशाला सांगती, मला हाईत तेवढी लचांडं पुरं." बन्सी म्हणाला, "आपल्या पोटात ऱ्हाईल." आणि रोझीनं काय विचारावं? "मावशी, हे मी वहीत लिहिलं तर चालेल का?"

बनुबाईचा संशय दुप्पट झाला. "चोर इचारून चोरी करतोय," ती छबूबाईला म्हणाली. "लईच पक्का दिसतोय."

चार दिवस काही हाललं नाही. पाचव्या दिवशी ओव्हरसियर दोन कुदळवाले घेऊन माळावर आला. आला तो सरळ म्हसोबाच्या दगडाच्या दिशेनं. चांगुणानं दोन्ही हातांनी पदर आवळून धरला. छबूबाई पुटपुटली, "गेलं गं बया." टोळीच्या हातोड्या थांबल्या.

"हात चालू द्या!" बनुबाई दातांमधनं म्हणाली. पण तिची स्वतःची हातोडी कडीवरच घसरली.

ओव्हरसियर म्हसोबापुढं थांबला. डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले, हातोड्या सापडू दे म्हणून काही बोललाही असेल. टोपी परत घातली. आणि वळला तो जुन्या बांधाकडं, बाभळीखाली.

कुदळी चालल्या. गुडघाभर खड्डा झाला, कमरेइतका झाला. शेवटी मिळाला बैलाचा एक गंजका नाल. पाण्याच्या गाडीपाशी बन्सी बैलांची मानगुटं खाजवत उभा होता. ती त्या दिवशी त्यानं फारच खाजवली.

पण म्हणून बनुबाईनं लगेच रोझीला जवळ घेतलं असं समजू नका. आणखी दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सुखडीची अर्धी वडी तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, म्हसोबा, थारोळं, बाभळ, सगळं.

रोझीचा चेहरा आधी उतरला. "म्हणजे मावशी, इतके दिवस तुम्ही मला चोर धरलंत?"

"व्हय."

रोझीनं एक खडा उचलून ढिगावर टाकला. मग एकदम म्हणाली, "पण काकासाहेबांवर तर तुमचा संशय नव्हता. त्यांना का सांगितलंत?"

"म्हनून तर. माजा संशय तुज्यावर हुता. तुला येकटीलाच सांगितलं आसतं, तर साहेब म्हसोबाला नुस्ता हात जोडाया थांबला तरी मी तुज्याच नावानं खडे फोडले आसते का न्हाई? आपला संशय लई लबाड आसतो, बाई. त्याला आवडतं मानूस ठरलेलं आसतं."

रोझीनं त्या दिवशी पहिल्यांदा बायकांच्या समोर वही काढली. "सावकाश सांगा," म्हणाली, "हे मला शब्दाला शब्द पाहिजे."

बन्सीचं म्हणाल, तर बायकांनी त्याला ना जाब विचारला ना शिवी दिली. रोज एक बातमी देत गेल्या. आज हातोड्या ओढ्यात, उद्या देवळामागं, परवा काकासाहेबाच्या गोठ्यात. ओव्हरसियरनं पाच ठिकाणी खणलं. आणि मग एक दिवस बन्सीनं खरीच बातमी नेली, की बनुबाईच्या टोळीतली चांगुणा फोडत नाही. तेव्हा साहेब म्हणाला, "तू आधी माझ्यासमोरनं चालता हो!"

चैत्र सरता सरता रोझीनं सगळ्या बायकांना बसवून आपली वही वाचून दाखवली. माणसांची नावं बदललेली, गावाचंही बदललेलं. छबूबाई आपलं बोलणं ऐकून लाजली, म्हणाली, "मी इतकी चावट बोलती व्हय?" चांगुणाचा प्रसंग आला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर रोझीनं वही बनुबाईच्या पुढ्यात ठेवली. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता. नाही दिला तर वर्ष बुडत होतं. "मावशी," ती म्हणाली, "तुम्ही हो म्हटलंत तरच मी हे देईन. देऊ का?"

तिनं तो प्रबंध पुढं एक वर्षानं दिला, चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात. त्याच्या पहिल्याच पानावर बनुबाईनं त्या दिवशी दिलेला जबाब जसाच्या तसा आहे. तो असा:

"नाव बदललंस, गाव बदललंस, पर अकरा बायका, धा हातोड्या आन् येकीचं पोट, ह्ये कसं बदलशील? साहेबाला वाचता येतंय, पोरी. तुज्यावर माजा भरवसा बसला, वहीवर न्हाई. तू गप ऱ्हाशील, वही कुनाच्या बी हातात बोलंल. चांगुनाचं पोर आपल्या पायानं ह्या रस्त्यावरनं चाललं, की मंग खुशाल दे. तवर तुज्या सरांनी इचारलं, तर सांग, बरं चाललंय."